हातोडी-कानस : डिचोलीचे पिस्तूल आणि लिस्बनची लाकडी पेटी

(जुन्या यंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न. घड्याळे, शिवणयंत्रे, ग्रामोफोन नेहमीचेच. या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर तीन पत्रे बंदुकांचीच निघाली. तेव्हा सिंगरच्या पायपट्ट्याला पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे लागेल.)

प्रश्न : आमच्या घरात आजोबांच्या वेळचे एक पिस्तूल आहे. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, त्याच्या थोडे आधी आजोबांच्या ओळखीच्या एका कापितांवने (पोर्तुगीज कॅप्टनने) ते त्यांना दिले, असे घरात सांगतात. पुढे आजोबांनी रीतसर परवाना काढला. आता तो वडिलांच्या नावावर आहे आणि वडील ७८ वर्षांचे आहेत. परवान्यावर बोअर (नळीचे माप) ७.६५ लिहिले आहे. नळीच्या मागे, चेंबरवर (काडतूस बसते त्या भागावर) मुकुट आणि त्याखाली एम हे अक्षर व २ हा आकडा असे गुंफलेले चिन्ह आहे. वरच्या एका छोट्या पट्टीवर पोर्तुगीजमध्ये ‘कार्रेगादा’ कोरलेले आहे. गेली तीस-पस्तीस वर्षे एकही गोळी झाडलेली नाही, कारण काडतुसेच मिळत नाहीत. एका दुकानदाराने .३२ ची डबी पुढे करून ‘७.६५ म्हणजे हीच, घेऊन जा’ म्हटले, पण वडिलांनी घेऊ दिली नाही.

माझा भाचा लिस्बनला असतो. तिकडे एका लिलावाच्या यादीत त्याला जुनी लाकडी पेटी दिसली. याच जातीच्या पिस्तुलात बसवायची .२२ ची आतली नळी, वरचा सरकता भाग आणि वेगळे मॅगझिन असा संच आहे. माझी मुलगी दहावीत आहे, शाळेतून एअर पिस्तूल खेळते. संच बसवला तर आजोबांचे पिस्तूलही चालते राहील आणि मुलीचा सरावही होईल. .२२ च्या गोळ्या स्वस्त असतात म्हणे. भाच्याला पेटी घ्यायला सांगू का? आणि इथे गोव्यात ती कोण बसवून देईल?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : भाच्याला आजच फोन करा आणि पेटी घेऊ नको म्हणून सांगा. कारणे खाली देतो, पण त्याआधी तुमच्या वडिलांना माझा नमस्कार कळवा. त्यांनी ती डबी घेऊ दिली नाही, हे फार मोठे काम केले.

७.६५ या आकड्याने आजवर पुष्कळ लोकांना फसवले आहे. तुमच्या पिस्तुलाचे काडतूस ७.६५ पॅराबेलम. त्याची पितळी केस, म्हणजे दारू भरलेले कवच, साडेएकवीस मिलिमीटर लांब आणि वर खांद्याशी आवळलेली, औषधाच्या जुन्या बाटलीसारखी. दुकानदाराने दाखवले ते .३२, म्हणजे युरोपात ज्याला ७.६५ ब्राउनिंग म्हणतात ते. त्याची केस सरळ आणि अवघी १७ मिलिमीटर, पण गोळी तुमच्या नळीच्या मापापेक्षा किंचित जाड. त्यात भर म्हणून कानपूरच्या आयुध कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर ज्या काडतुसावर चालते, त्याच्यावरही ७.६५ गुणिले २३ असेच लिहिलेले असते. तीन काडतुसे, तिघांचे नाव ७.६५, आणि एकाचे दुसऱ्यात बसत नाही. बसले असे वाटले तरी बसत नाही. आमच्याकडे सांग्याला एक भाटकार (जमीनदार) म्हणायचे, ‘एकाच नावाचे तीन कामत असले तरी बायको ज्याची त्याचीच असते.’ गोष्ट चावट आहे, पण काडतुसांना चपखल लागू पडते.

आता तुमच्याकडे काय आहे ते. मुकुटाखाली एम आणि २ म्हणजे राजे दुसरे मानुएल, पोर्तुगालचे शेवटचे राजे. ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये प्रजासत्ताक आले आणि मानुएल इंग्लंडला निघून गेले. म्हणजे त्यांचे चिन्ह असलेले पिस्तूल फार थोड्या काळात घडवलेले आहे. ते बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यातले लूगर, पोर्तुगीज लष्कराने घेतलेले. वरच्या गुडघ्यासारख्या भागावर डीडब्ल्यूएमची गुंतवळ असलेली सही भिंगातून पाहा, सापडेल. ‘कार्रेगादा’ म्हणजे ‘भरलेले’. चेंबरमध्ये काडतूस असले की ती पट्टी वर उचलली जाते आणि हा शब्द दिसतो. अंधारात बोटालाही कळतो. जर्मन पिस्तुलांवर त्याच जागी ‘गेलाडेन’ असते. पोर्तुगीजांनी ते आपल्या भाषेत करून घेतले. तुमच्या आजोबांना शब्दाचा अर्थ विचारावा लागला नसेल. आज डिचोलीच्या बाजारात ‘कार्रेगादा’ म्हटले तर दहातले आठ जण ट्रक भरला का म्हणून विचारतील.

पट्टीवर अर्थ लिहिला असला तरी भरवसा पट्टीवर ठेवायचा नाही. मॅगझिन काढून, वरचा भाग मागे ओढून, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून आणि करंगळीने चाचपून मगच ‘रिकामे’ म्हणायचे. सैन्यात आम्हाला ही सवय लावायला तीन आठवडे लागले आणि ती आजतागायत सुटलेली नाही. घरातली झाडू जरी कोणी हातात दिली तरी आधी टोक जमिनीकडे जाते. बायको हसते.

लाकडी पेटीकडे येतो. पेटी बहुधा खरी असेल. एर्फुर्टच्या एर्मा कारखान्याने १९३० च्या दशकात लूगरसाठी .२२ चे असे संच केले होते आणि जर्मन सैन्याने ते सरावासाठी घेतले. अमेरिकेत कोल्टनेही १९३८ मध्ये .४५ च्या पिस्तुलासाठी .२२ चा संच काढला. दोघांचा हेतू एकच : शिपायाला त्याच्या हातातल्या, त्याच वजनाच्या, त्याच मुठीच्या हत्यारावर स्वस्त गोळीने सराव करता यावा. मूळ पिस्तूल ठणठणीत आहे आणि खर्च वाचवायचा आहे, म्हणून संच. बंद पडलेल्या म्हाताऱ्या पिस्तुलाला पुन्हा उठवून बसवायचे, असा हेतू त्यात कधीच नव्हता. तुमच्या पत्रात मला हीच गल्लत दिसते. वडिलांचे पिस्तूल काडतुसांअभावी थांबले आहे, आणि तुम्हाला ते दुसऱ्या काडतुसावर चालवायचे आहे.

हे आतून कसे चालते ते थोडे सांगतो, म्हणजे मी उगाच भिववत नाही हे पटेल. लूगर उडते तेव्हा नळी आणि तिच्या मागचा दोन सांध्यांचा गुडघा एकत्रच मागे सरकतात. गुडघा तेव्हा सरळ असतो, आणि सरळ गुडघा वाकत नाही, म्हणून चेंबर बंद राहते. जरा मागे गेल्यावर गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या गोल मुठी पिस्तुलाच्या सांगाड्याच्या उतारावर आपटतात, गुडघा वर मोडतो, रिकामी केस बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंग सगळे परत पुढे आणते. उभ्या माणसाच्या गुडघ्यामागे कोणी हलकेच ठोसा मारला तर तो कसा मोडतो, तसेच. ही सगळी कसरत चालवायला जोर लागतो, आणि तो जोर ७.६५ पॅराबेलमच्या दारूत आहे. .२२ च्या काडतुसात त्याच्या पावपट ताकद असेल. त्या जोरावर मूळ गुडघा जागचा हलायचा नाही.

म्हणून संचात नुसती आतली नळी नसते. मूळ गुडघा बाजूला ठेवून हलका वेगळा सांधा घालतात, त्याची स्वतःची बारीक स्प्रिंग असते, आणि नळी जागच्या जागी स्थिर राहते. आणखी एक फरक. ७.६५ च्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध असते; .२२ मध्ये ते मिश्रण बुडाच्या काठात भरलेले असते, म्हणून फायरिंग पिन काठावर आदळली पाहिजे. तेव्हा संच म्हणजे पिस्तुलाच्या आत घातलेले दुसरे छोटे पिस्तूलच. सांगाडा, मूठ आणि चाप तेवढे जुने.

आता कारागीर काय करेल ते ऐका. नव्वद वर्षांपूर्वीचा संच, शंभरी उलटलेले पिस्तूल, दोन वेगळ्या कारखान्यांतले. कुठेतरी केसभर अडणार. आणि अडले की आपला माणूस कानस उचलणार. मी सैन्याच्या वर्कशॉपात २४ वर्षे आर्मरर, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणारा, होतो, कानशीची ही हाक मला चांगली माहीत आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दोन ९ मिमी पिस्तुलांचे सुटे भाग मी एकाच ट्रेमध्ये धुतले. जोडताना एक भाग किंचित घट्ट वाटला, म्हणून कानशीचे तीन फटके मारले. छान बसला. संध्याकाळी दुसऱ्या पिस्तुलात त्याच जागचा भाग सैल निघाला, म्हणजे मी भागांची अदलाबदल केली होती. तीन फटक्यांत दोन पिस्तुले गेली. सुभेदारांनी मला काही बोलले नाही, फक्त ती कानस माझ्या खिशात ठेवली आणि महिनाभर परेडला ती खिशात घेऊनच यायला लावले. या सदराचे नाव तिथूनच आले आहे.

तुमच्या लूगरच्या छोट्या-छोट्या भागांवर बारीक आकडे कोरलेले दिसतील. ते पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे. सगळे आकडे जुळणारे आणि कानस न लागलेले लूगर ही एक चीज, आणि एक भाग बदललेले, एक घासलेले ही दुसरी. फरक भंगारवाल्यालाही कळतो.

पण यंत्राच्या आधी कायदा आडवा येतो, आणि इथे मी जास्त कडक बोलणार आहे. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्रांचे सुटे भागही येतात. नळी हा सुटा भाग. ती पेटी भाच्याने कपड्यांच्या घड्यांत घालून आणली किंवा पोस्टाने पाठवली, तर ती विनापरवाना आयात. विमानतळावर पकडला जाईल तो भाचा, आणि नाव पुढे येईल तुमच्या वडिलांचे. ‘अहो, जुनी वस्तू आहे, लिलावात मिळाली’ हे कस्टमवाल्याला सांगून पाहू नका. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे हे सगळे परवानाधारकाचेच काम. घराच्या व्हरांड्यात कोणीतरी ओळखीचा फिटर बसवून देईल, हा विचार सोडा. मी स्वतः निवृत्त झाल्यापासून कोणाच्याही हत्याराला हात लावत नाही, कारण माझ्याकडे तो परवाना नाही. हे सदर तोंडानेच चालते. आणि वडिलांच्या परवान्यावर बोअर लिहिले आहे ७.६५. .२२ चे एक काडतूस जरी घरात सापडले तरी ते परवान्याबाहेरचे. दुकानदार .२२ देणारच नाही, आणि दिले तर त्याचेही चुकले.

काही जण म्हणतील, पुरातन वस्तूला कायद्यात सूट आहे. आहे, पण जे हत्यार दुरुस्तीनेही उडू शकत नाही अशांसाठी. तुमचे पिस्तूल योग्य काडतूस मिळाले तर उद्या उडेल. म्हणून त्या सुटीत तुम्ही बसत नाही. आणि हे पिस्तूल भाच्याकडे लिस्बनला परत पाठवण्याचा उलटा विचार कोणाच्या डोक्यात आलाच तर सांगून ठेवतो : शस्त्र कायदा निर्यातीलाही लागतो, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर काढताना १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदाही आड येऊ शकतो.

यात तुमच्या हिताची एक गोष्ट आहे, ती पत्रात तुम्ही विचारलीच नाहीत. वडील ७८ वर्षांचे आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे असले, की तो हयात असतानाच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. वारसाला वेगळा परवाना मागावा लागतो, पोलीस चौकशी होते, पण मार्ग आहे. वडिलांचा हात थरथरत नाही तोवर हे उरका. डिचोली उत्तर गोव्यात, तेव्हा अर्ज पणजीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. तुमच्याकडे आधीच काही असेल तर ते धरून हिशेब करा. वारसाचे काम मागे पडून वडील गेले, तर त्या दिवशी पिस्तूल परवान्याविना घरात राहिले असे होते. मग लगोलग ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. निवडणुकीच्या वेळी जमा करतात तेव्हा पावती फाईलला लावून ठेवता ना? त्या पावत्या वारसाच्या अर्जाला उपयोगी पडतात, फेकू नका.

मुलीविषयी. दहावीतल्या मुलीला शस्त्राचा परवाना मिळत नाही, एकवीस पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी सराव क्लबच्या आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. तिचा आजवरचा खेळ एअर पिस्तुलाचा, दहा मीटरचा. चाप किमान पाचशे ग्रॅमचा, दृष्टी रुंद चौकोनी खाचेवर, मूठ हाताच्या मापाने कोरलेली. लूगरची मागची खाच बारीक व्ही आकाराची, सुईने टोचल्यासारखी, पुढचा मणी टोकदार. चापाचा जोर बाजूच्या पत्र्याखालून आडवळणाने जातो, म्हणून ओढ कशी येते ते सांगता येत नाही. चार दिवस लूगर हातात धरली तर मुलीचा बसलेला हात बिघडेल. पुढे तिला २५ मीटरचे .२२ पिस्तूल खेळायचे असेल, तर तेव्हा चाप एक किलोचा आणि हत्यार त्याच खेळासाठी बनवलेले. ते क्लबकडून, राज्य संघटनेमार्फत मिळते, आजोबांच्या कपाटातून नव्हे. तुम्ही स्वतः कॉलेजात एन.सी.सी.त होता का? असाल तर .२२ ची रायफल हातात घेतली असेल. बाहेरून तिचे रूप थ्री-नॉट-थ्रीचेच होते ना? तोच तो जुना हिशेब, मोठ्या अंगात छोटी गोळी. आम्ही कॅम्पात ती पोरांच्या हाती देत असू, पण ती कारखान्यातून, सरकारी मापाने तशी बनलेली होती.

राहिले पिस्तूल. पावसाळा तोंडावर आहे, आणि बारा महिने न उडणाऱ्या हत्याराचा गोव्यात एकच शत्रू, तो म्हणजे दमट हवा. चामड्याच्या म्यानात ठेवले असेल तर आज बाहेर काढा. चामडे ओल शोषते, आणि कमावताना वापरलेली द्रव्ये लोखंडावर गंज धरवतात. म्यान वेगळे, पिस्तूल वेगळे. मऊ सुती कपड्याला पातळ खनिज तेल लावून पुसा, पुसल्यावर बोटाला तेल लागले नाही पाहिजे. नंतर कोरड्या कपड्यात गुंडाळून सिलिकाच्या पुड्या घातलेल्या कुलूपबंद पेटीत. दर पंधरा दिवसांनी पुड्या उन्हात. चाप आणि बाजूच्या खटक्यांना फिकट पिवळी, गवतासारखी झाक दिसली तर ती घाण नाही, कारखान्यात तापवून दिलेला रंग आहे. ब्रासो लावून चमकवलेले एक लूगर मी म्हापशाला एका घरी पाहिले होते. पितळी समईसारखे दिसत होते. मालक अभिमानाने दाखवत होते, मला चहाचा घोट गिळवेना.

वाटलेच तर पणजीच्या राज्य वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहून विचारा. मानुएलच्या मुकुटाचे पिस्तूल पोर्तुगालला गेले नाही, गोव्यात राहिले, याची तिथे नोंद व्हायला हरकत नाही. पण ते तुमच्या घरचे, निर्णय तुमचा. आणि कापितांवची ती हकीकत वडिलांकडून तारखांसकट लिहून घ्या. पिस्तुलापेक्षा ती आधी हरवते.

प्रश्न : माझे कुळागर आहे. वांदर नारळ ठेवत नाहीत आणि रानडुक्कर सुपारीच्या रोपांची मुळे उखडतात. .२२ चे पिस्तूल पिकाच्या रक्षणासाठी मागितले तर परवाना मिळेल का? आवाजही कमी येतो म्हणतात.
— वाळपई

उत्तर : पात्रांव, पिस्तूल नाही. पिकाच्या रक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, म्हणून जुन्या कुळागरांत ती अजून दिसते. .२२ च्या गोळीने डुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर शेजाऱ्याच्या कुळागरात कुठे भिडेल याचा नेम नाही. शिवाय वन्यजीव कायद्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारणे हा वेगळा गुन्हा. परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नव्हे. आवाज कमी येतो हे तुम्ही मला का लिहिलेत, हे मी विचारत नाही. वन खात्याकडे नुकसानीचा अर्ज करा आणि कुंपणाला हात घाला.

प्रश्न : सासऱ्यांची ठासणीची बंदूक पडवीत भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. परवाना यजमानांच्या नावावर आहे. दर चवथीच्या आधी मी तिला खोबरेल लावून पुसते, तरी काळे डाग पडतात. नात नाचवत असते तिला. काय करू?
— सांगे

उत्तर : ताई, नातीच्या हातातून ती आधी काढा. डागांचे नंतर.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासतात, आणि वर्षानुवर्षे ठासलेली तशीच राहिलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. कोणीतरी रानडुकरासाठी भरली, डुक्कर आले नाही, भिंतीवर टांगली, माणूस गेला. दारू कोरडी राहिली तर तिचा राग जात नाही. बाहेरून कळत नाही, म्हणून असे करा : घोड्याखालच्या निपलवर (ठिणगीची टोपी बसवतात त्या छोट्या बोंडावर) टोपी नाही ना ते पाहा. मग तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडे न करता बंदुकीचा गज नळीत हळूच सोडा. ठोकायचे नाही, खाली टेकेपर्यंत आपल्या वजनाने जाऊ द्या. तोंडाजवळ गजावर बोटाने खूण धरा, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूने लावून बघा. गजाचे टोक निपलजवळ पोहोचले तर रिकामी. चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. मग पुन्हा गज घालू नका, काढायचा प्रयत्न नको, पाणी ओतू नका. यजमानांना परवाना घेऊन ठाण्यात सांगायला लावा, ते तिथून पुढचे बघतील.

रिकामी निघाली तरी खिळ्यावरून उतरवून कुलपात ठेवा. परवाना असला तरी ती पडवीत, पोराटोरांच्या हाताला येईल अशी टांगायची वस्तू नाही.

आणि खोबरेल. ते लोखंडावर सुकून चिकट होते, त्यात धूळ बसते, धुळीत ओल. काळे डाग त्याचेच. रॉकेलात भिजवलेल्या कपड्याने जुना चिकटा हळूहळू काढा, घाई नको, घासणी तर नकोच नको. मग शिवणयंत्राचे तेल, अगदी थोडे. लाकडाच्या दस्त्याला मात्र खोबरेलाने काही बिघडत नाही, तिथे चवथीला लावत राहा.